आजोबांची डावी बाजू

पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा आल्या की लोकांना भूक लागते आणि मला धास्ती. दरवर्षीचं आहे हे. बाकीच्या बायका शेंगांच्या ढिगाशी बसून त्या कोवळ्या आहेत का, कुठल्या गावच्या आहेत, याची चौकशी करतात, घासाघीस करतात. मीही करते, अगदी हिरिरीने करते. पण पिशवी उचलून वळले की नजर आधी रस्त्याकडे जाते, कारण शेंगांच्या पाठोपाठ धुकं येतं. गाढी नदीवरून, खाडीकडून, उरल्यासुरल्या शेतांवरून ते पहाटे रस्त्यावर चढतं आणि उन्हं वर येईपर्यंत हलत नाही. आमच्याकडे हे पोपटीचे दिवस. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, वरून परत पाला दाबायचा, आणि शेतात मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा नि गोवऱ्या पेटवायच्या. ही झाली पोपटी. तिचा वास सुटला की माणसं घराबाहेर येतात. मला त्या वासाबरोबर आजोबा आठवतात आणि आजोबांबरोबर हायवे.

यंदा तर शेंगांच्या आधीच सगळं वर आलं. मी चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. डॉक्टरीणबाई तरुण आणि फार गोड बोलणारी. गोड बोलणाऱ्या डॉक्टरची मला आधीच भीती वाटते. तिने मला एका अंधाऱ्या खोलीत नेलं, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली आणि हातात बटण दिलं. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी नेमाने दाबत होते. मग बराच वेळ दिवाच लागेना. मला वाटलं, अडकलं यंत्र. तसं तिला सांगितलंही, "अहो, तुमचं मशीन मधेच झोपतंय." ती हसली नाही. कागद हातात घेऊन म्हणाली, "डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू जरा कमी झालीय. काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही, पण थेंब घातले तर आहे ते टिकवता येईल. घरात कोणाला होता का हा त्रास?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि समोर उभे राहिले ते पळस्पे फाट्यावरचे आजोबा, शिट्टी दातांत धरलेले, मान खाडकन उजवीकडे, खाडकन डावीकडे वळवणारे.

घरी येऊन मी सांगितलं, नंबर वाढलाय. थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात सॉसच्या बाटलीमागे ठेवली आणि कोणी विचारलंच तर डोळे कोरडे पडतात म्हणून सांगायचं ठरवलं. खोटं बोलण्याची हौस नाही मला. पण एकदा खरं सांगितलं की दुसऱ्या मिनिटाला स्कूटरची किल्ली जाणार, हे मला पक्कं ठाऊक. रोज सकाळी माझी लेक सई मागे बसते, तिला कॉलेजला सोडून मी ऑफिसला जाते. तिचं लायसन्स निघून वर्ष झालं, तरी मी तिला हायवेवर स्कूटरला हात लावू देत नाही. तू अजून लहान आहेस, म्हणते. आता धुक्याचे दिवस आहेत, आणि मी रोज सकाळी तिला मागे घेऊन त्या धुक्यात शिरते.

आमचं घर तेव्हा पळस्प्याच्या अलीकडे, अगदी हायवेच्या काठाला होतं. ऐंशीचं दशक संपत आलेलं. मुंबईहून पुण्याला जाणारा प्रत्येक ट्रक आमच्या अंगणातून गेल्यासारखा जायचा, फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या, आणि थोडं पुढे फाट्यावर गोव्याचा रस्ता फुटायचा. शाळा पलीकडे. बाबा पहाटेच मुंबईच्या एसटीने ऑफिसला निघायचे, आईला घर आणि धाकटा भाऊ. त्यामुळे आम्हा सात-आठ पोरांना रस्ता ओलांडून देण्याचं काम आजोबांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. वडिलांचे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि अख्खा फाटा त्यांना नुसतं सुभेदार म्हणायचा. नोकरीभर त्यांनी डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवरून लष्कराच्या गाड्यांचे ताफे खाली उतरवले होते. "माझ्या भरवशावर निघालेला एक माणूस मी वाटेत सोडला नाही," असं ते सांगायचे. बढाई म्हणून नाही. जेवताना मीठ मागावं तितक्या साधेपणाने सांगायचे.

माणसांचा त्यांना भारी सोस. फाट्यावर लष्कराचा ताफा थांबला की आजोबा ताकाची बादली घेऊन निघालेच. त्या जवानांच्या गावांची, आईबापांची चौकशी, कोणाचं लग्न ठरलंय, कोणाला मुलगी झालीय. घरी येऊन ते सगळं आम्हाला ऐकवायचे. ट्रक-ड्रायव्हर, चहाच्या टपरीवाला, शेतावर निघालेले आगरी, बुरखा सावरत दवाखान्यात चाललेली हसीनाबी, कोणी त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. आजी म्हणायची, "यांना एखाद्या दिवशी यमदूत न्यायला आला ना, तर त्यालाही बसवतील, चहा पाजतील नि बायकोमुलांची चौकशी करतील." तेव्हा आम्ही हसायचो.

त्यांची एक रीत होती. बाजूने जाऊन त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालायचं नाही. "समोर ये. सलाम समोरून करायचा असतो." बाजूने कोणी अचानक आलं की ते दचकून "कोण?" असे गरजायचे, आणि ओळख पटली की हसत त्याच्या खांद्यावर हात टाकायचे. घरात त्यांची प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी. तांब्या, टॉवेल, बूट, काठी. कोणी स्टूल वीतभर सरकवलं तरी हा एवढा मायाळू माणूस असा भडकायचा की आम्ही माजघरात पळायचो. आई आम्हाला समजवायची, "फौजेतली शिस्त आहे रे ती." रस्ता ओलांडतानाही तसंच. नुसती नजर टाकली असं नाही, सगळी मान वळवून, हनुवटी खांद्याला लावून बघायचे. दाहिने देख. बाएँ देख. आम्ही पोरं त्यांच्या मागे उभी राहून तश्शाच माना वळवायचो आणि खुदुखुदू हसायचो. शाळेत नाटकात मी फौजी झाले तेव्हा तीच मान वळवली, टाळ्याही मिळवल्या.

फौजी घराची ही घोडचूक बघा. त्या माणसाची नजर दोन्ही बाजूंनी मिटत आली होती, डावीकडची तर जवळजवळ संपली होती, आणि ते तिला शोधायला मान फिरवत होते. आम्ही सगळे मात्र काय शिस्त, काय शिस्त म्हणून मिरवत होतो. कोणाला शंका यावी तरी कशी? समोरचं त्यांना लख्ख दिसायचं. पेपरातल्या बारीक अक्षरातल्या बातम्या ते फाट्यावर मोठ्याने वाचून दाखवायचे. आजीला सुई ओवून द्यायचे. सुई ओवणाऱ्या माणसाला ट्रक दिसत नाही, हे कोणाच्या स्वप्नात येणार?

त्या थंडीत मात्र घरात एकेक गोष्ट घडायला लागली. दाराची डावी चौकट त्यांच्या खांद्याला लागली. गोठ्यापाशी बांधलेल्या वासरावर ते अडखळून पडले आणि वासरालाच म्हणाले, "काय राव, सांगायचं तरी." दुधाची किटली लवंडली. आजी रोज रात्रीच्या जेवणाआधी त्यांच्या नडगीला हळद-तेल लावायची, आणि ती नडगी नेहमी डावीच असायची. मी तिथे बसून पाढे म्हणत असायचे. मला त्यात काही दिसलं नाही. आजी मात्र तेल लावता लावता मधेच हात थांबवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि ते तिच्याकडे न बघता मला म्हणायचे, "मोठ्याने म्हण, ऐकू येत नाही."

फाट्यावर दर थंडीत कोणीतरी जायचंच. मैलाच्या दगडावर कुंकू नि फुटका नारळ दिसला की समजायचं, काल इथे काहीतरी झालं. धुक्यात ट्रक दिसायच्या आधी ओल्या डांबरावर त्याच्या चाकांची सुरसुर ऐकू यायची, मग दोन पिवळे डाग, मग एकदम सगळा ट्रक. आई देवापुढे दिवा लावताना आमची नावं घेऊन पुटपुटायची. आजोबा हसायचे. "मी आहे ना," म्हणायचे. हे दोन शब्द ऐकले की आम्हाला खरंच कशाची भीती वाटायची नाही. आज मला त्या दोन शब्दांचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण सईने स्कूटरवर मागून "आई, सावकाश" म्हटलं की माझ्याही तोंडून तेच निघतं.

तो दिवस तसा फार धुक्याचा नव्हता. विरळ, दुधात पाणी घातल्यासारखं. आम्ही नेहमीसारखी दोरी धरून ओळीत उभे होतो. लांब सुती दोरी, तिला अंतराअंतरावर गाठी, प्रत्येकाने आपली गाठ धरायची, ही आजोबांचीच पद्धत. ते पुढे. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, शिट्टी वाजवली, हात उंच केला आणि म्हणाले, "तेज चल." आम्ही निघालो. अर्धा रस्ता ओलांडला आणि हॉर्न वाजला. तसा हॉर्न मी पुन्हा कधी ऐकला नाही. चाकं करकरली, जळक्या रबराचा वास आला, आणि गोव्याच्या बाजूने आलेला एक ट्रक आमच्याशेजारी येऊन थांबला. इतका जवळ की त्याच्या तोंडाची ऊब माझ्या गालाला लागली. बंपरला टांगलेली लिंबू-मिरची हेलकावे खात होती. मी आजोबांकडे बघितलं. त्यांचा हात अजून तसाच उंच होता, ताठ, तळवा पुढे. पण उजवीकडे. ट्रक डावीकडे होता, आणि ते रिकाम्या रस्त्याला थांबवून उभे होते.

ड्रायव्हर उडी टाकून खाली उतरला. "बाबूजी, मरना है क्या? इतना बड़ा ट्रक नहीं दिखा?" आजोबांनी आम्हाला पलीकडे पोचवलं, परत त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कहाँ से आ रहे हो बेटा? घर पे कौन कौन है?" शाळेच्या फाटकातून मी वळून बघितलं तर दोघं टपरीवर चहा पीत होते. ड्रायव्हरचा धाकटा भाऊ फौजेत निघाला म्हणे. निघताना तो आजोबांच्या पाया पडून गेला. झालं, दुपारपर्यंत शाळाभर झालं की सुभेदारांनी नुसता हात दाखवून ट्रक थांबवला. आम्हीच केलं ते. मी तर तो ट्रक कसा करकरला, याची नक्कलही करून दाखवली.

घरी आले आणि आजीलाही तीच नक्कल करून दाखवली. ती ओट्यावर बसून वाल सोलत होती, भिजवून मोड आलेले. बोटाने दाबलं की टपकन दाणा बाहेर, असं तिचं चाललेलं. माझं सगळं ऐकून म्हणाली, "परत सांग. हात कुणीकडे केला होता?"

"उजवीकडे."

"आणि ट्रक?"

"डावीकडून आला."

आजीची बोटं थांबली. तिने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "जा, हातपाय धू." एवढंच. पण त्या संध्याकाळी तिने वाल पुन्हा हातात घेतले नाहीत, आई एकटीच सोलत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोरी धरून उभे राहिलो तर आजी पायांत चपला घालून बाहेर आली. डोक्यावरून पदर घेतलेला. आणि येऊन आजोबांच्या डाव्या बाजूला उभी राहिली. मागे नाही, शेजारी, खांद्याला खांदा लावून. आज याचं कोणाला काही वाटणार नाही. पण माझी आजी जन्मभर नवऱ्याच्या चार पावलं मागून चालली होती. देवळात, लग्नाला, मयताला, कुठेही. तिच्या पिढीच्या बाईने नवऱ्याशेजारून रस्त्यावर चालणं म्हणजे लोकांना विषयच. आजोबांनी तिच्याकडे बघितलं. का आलीस म्हणून विचारलं नाही. काठी ते डाव्या हातात धरायचे, ती त्यांनी उजव्या हातात घेतली आणि तिला जागा करून दिली.

तेवढ्यावरून सगळं समजायला हवं होतं, पण समजतंय कोणाला. फाट्यावर नुसती चेष्टा सुरू झाली. शेजारच्या शेताचे मालक धर्माकाका, आजोबांचे जिवलग, रोज ओरडायचे, "वयनी, शाळंत नाव घातलाव का काय?" टपरीवरची माणसं म्हणायची, सुभेदारांना म्हातारपणी जोडीने फिरायची हौस आली. आजोबाही हसून उत्तर द्यायचे, "अरे, आत्ता कुठे माझं लग्न झालं." आजी लाजायची, पदर ओढायची, पण जागा सोडायची नाही. ती डावीकडे बघायची, हळूच त्यांच्या बाहीला हात लावायची, आणि मगच शिट्टी वाजायची. मागे दोरी धरून उभी असलेली आम्ही पोरं ते रोज बघायचो. आम्हाला वाटायचं, आजीला रस्त्याची भीती वाटते म्हणून ती बाही धरते.

हे दिवस मी परत परत आठवून बघते. त्यांना ठाऊक होतं का? होतं. एरवी काठी या हातातून त्या हातात कशाला गेली असती. मग सांगितलं का नाही? त्याचं उत्तर मला इतकी वर्षं सापडत नव्हतं. आता फ्रिज उघडून सॉसमागची बाटली काढताना, स्वयंपाकघरात कोणी येत नाही ना म्हणून आधी सगळी मान वळवून डावीकडे बघताना, ते आपोआप सापडतं. ज्याच्या "मी आहे ना" वर घर निवांत झोपतं, त्याने काय म्हणून सांगायचं, की मी अर्धाच आहे?

मग तो दाट धुक्याचा दिवस. आजीला आदल्या दिवसापासून ताप होता, गोधडीत कुडकुडत होती. आई काढा करत होती. तरी आजी उठून बसली, "मी येते, मी येते" म्हणायला लागली. आजोबांनी तिला परत आडवं केलं, गोधडी हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाले, "झोप. मी आहे ना." आजीने त्यांचं मनगट धरून ठेवलं.  आईला वाटलं, तापात असं होतं.

बाहेर आलो तर अंगणातला आंबा दिसत नव्हता. मोहोराचा वास तेवढा येत होता. रस्त्याच्या कडेला दोरी धरून आम्ही उभे राहिलो. एकही पोर हसत नव्हतं. पलीकडची शाळा नाही, टपरी नाही, फाटा नाही, नुसतं पांढरं, आणि त्यातून कुठूनशी चाकांची सुरसुर. आजोबांनी शिट्टी दातांत धरली. मान उजवीकडे. मान डावीकडे. परत उजवीकडे. परत डावीकडे. शिट्टी वाजेना. एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने माझी वेणी हलली. दुसरा गेला. शाळेची घंटा धुक्यातून ऐकू आली. आम्ही चुळबुळायला लागलो, कारण आजोबांच्या राज्यात आम्हाला कधी उशीर झाला नव्हता.

मग ते म्हणाले, "तू इकडे ये. या बाजूला." मला. मी माझी गाठ सोडून त्यांच्या डावीकडे, आजीच्या जागी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा खांदा धरला.   ते हळू आवाजात म्हणाले, "बघ गं, काही येतंय का?"

तेव्हा मला कळलं. अकरा-बारा वर्षांची होते मी, डॉक्टरांचे शब्द कुठले माहीत असणार. पण हा प्रश्न ज्याला दिसतं तो विचारत नाही, एवढं कळलं. ट्रक, उजवीकडचा हात, वासरू, चौकट, आजीने धरलेली बाही, सगळं एकदम कळलं, आणि भयंकर भीती वाटली. मी म्हणाले, "मला धुक्यातलं काही सांगता येत नाही, आजोबा."

 त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, खिशात टाकली, आणि ज्या आवाजात रोज तेज चल म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "पीछे मुड."

हा हुकूम त्यांनी आम्हाला कधीच दिला नव्हता. आम्हाला नीट वळताही येईना, दोरीचा गुंता झाला. त्यांनी खाली बसून तो गुंता सोडवला, एकेकाच्या हातात गाठ परत दिली, आणि आम्हाला घरी आणलं. दारात आई धावत आली, काय झालं, कोणाला लागलं का? "कोणाला काही लागलं नाही," आजोबा म्हणाले, आणि आजीच्या खाटेशी जाऊन बसले. मी दारातून बघत होते. आजी रडत होती आणि ते तिचे पाय चेपत होते. आजोबांनी आजीचे पाय चेपलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

त्याच संध्याकाळी धर्माकाकांच्या शेतात पोपटी होती. ठरलेलीच होती, आमंत्रणंही आजोबांनीच दिलेली. बाबा रजा नसतानाही लवकर आले होते, आईने निरोप धाडला असणार. मडक्याभोवती आग धडधडत होती, माणसं शेकत बसली होती, कोणी सुभेदारांना फौजेतला किस्सा सांगा म्हणून गळ घालत होतं. आजोबा उभे राहिले. "आज किस्सा नाही," म्हणाले. "एक सांगायचंय. मला डावीकडचं दिसत नाही. उजवीकडचंही कमी झालंय. उद्यापासून पोरांना मी नेणार नाही. आजवर नेलं, ते माझं चुकलं."

 मग धर्माकाका म्हणाले, "काय पन काय बोलता सुभेदार. मंग सकालचा पेपर कोन वाचून दावतं आमाला?"

"समोरचं दिसतं रे धर्मा. बाजूचं गेलं. तुमच्या पोरांच्या शेजारून ट्रक आला तो मला दिसला नव्हता. तुम्ही मला शाबासकी दिलीत, आणि मी ती घेतली."

धर्माकाकांचा नातू रोज आमच्या दोरीला असायचा.  पोपटी झाली का बघायला काकांनी मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र वाजलं, आणि त्या आवाजाने आम्ही सगळेच दचकलो. मग त्यांनी गरम शेंगा पानावर काढल्या आणि पहिलं पान आजोबांच्या पुढे धरलं. अगदी समोर. "खावा," म्हणाले. "आमी हाव ना."

बाबांनी त्यांना मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. गेलेलं परत येणार नाही, हे तिथेच पहिल्यांदा घरच्यांच्या कानांवर पडलं. शिट्टी आजीच्या गळ्यात आली. पहिल्या दिवशी तिने फुंकर घातली तर नुसती हवा. चूल फुंकायची सवय, त्याला ती काय करणार. पण आठवडाभरात अशी वाजवायला लागली की ट्रकवाले तिलाही सलाम करायला लागले. आणि आजोबा? दोरीच्या अगदी शेवटच्या टोकाला आजीने आणखी एक गाठ मारली. आमचे सुभेदार ती गाठ धरून, पोरांच्या मागून, रोज रस्ता ओलांडायचे, पलीकडे टपरीवर जाऊन बसायचे आणि आम्ही परत येईपर्यंत माणसं जमवायचे. पुढे समोरचंही मिटलं. तरी माणसं त्यांच्या समोर येऊन बसायची, आपापली नावं सांगायची. नव्वदचं दशक संपता संपता, अशाच एका थंडीत ते गेले. तेव्हा फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती, असं लोक अजून सांगतात.

कालची गोष्ट. सईला घेऊन मी शेंगा आणायला निघाले. पळस्प्याला आता पूल झालाय, आमचं घर होतं तिथे कसलंसं शोरूम आहे, पण पुलाखालच्या रस्त्यापलीकडे गावातल्या बायका अजून शेंगांच्या टोपल्या घेऊन बसतात. सकाळची वेळ, धुकं रेंगाळलेलं. स्कूटर अलीकडे लावली आणि आम्ही दोघी कडेला उभ्या राहिलो. मी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे. सई फिसकन हसली.

"आई, तू ना परेडसारखं बघतेस अलीकडे." आणि तिने करून दाखवलं. मान खाडकन उजवीकडे, खाडकन डावीकडे, हनुवटी खांद्याला लावून. हुबेहूब. तिने आजोबांना कधी पाहिलेलंही नाही.

 टोपल्यांपाशी कोणीतरी शेकोटी पेटवलेली, जळक्या पेंढ्याचा वास येत होता. मी म्हणाले, "सई, तू इकडे ये. माझ्या डावीकडे."

"का?"

"ये तर. आणि बघ गं, काही येतंय का?"

"आत्ता तूच बघितलंस की."

"तरी बघ."

तिने बघितलं. तिचं हसू गेलं, आणि तिने माझा दंड घट्ट धरला. डावीकडून आलेला एक डंपर आमच्या समोरून धडधडत गेला, त्याच्या वाऱ्याने माझी ओढणी उडाली.

"आई," ती म्हणाली, "तुला तो दिसला नव्हता?"

"नाही," मी म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली तिच्या हातात दिली.